पिढीचे नाव आणि माणसाचे नाव

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की तिच्या समारंभात एक शब्द हमखास पुन्हा पुन्हा कानी पडतो, आणि तो म्हणजे ‘पिढी’. संस्थापकांची पिढी, कार्यकर्त्यांची पिढी, नवी पिढी, भावी पिढी. स्वागतपर भाषणात तो येतो, कार्यअहवालात येतो, सत्काराला दिलेल्या उत्तरात येतो. भोजनाच्या पंगतीत मात्र त्याचा सूर थोडा बदलतो. “हल्लीच्या पिढीला काही सांगायची सोय राहिली नाही,” असे एका पंगतीत ऐकू येते, तर “त्यांच्या पिढीला हे कळणारच नाही,” असे दुसऱ्या पंगतीत. ही दोन्ही वाक्ये आपल्याच माणसांविषयी बोलली जातात आणि दोन्ही वाक्यांनंतर बोलणे तेथेच थांबते. वडिलांनी मुलाला काही विचारायचे राहून जाते, मुलाने वडिलांना काही सांगायचे राहून जाते. म्हणून पिढीला दिलेले नाव त्या पिढीत जन्माला आलेल्या माणसाला कितपत लागू पडते, हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. तो घराघरांतला आहे आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीतलाही आहे.

मराठीत ‘पिढी’ हा शब्द मुळात वंशाच्या पायऱ्या मोजण्यासाठी आहे. आजोबा ही एक पायरी, वडील ही दुसरी, मुलगा ही तिसरी. सात पिढ्यांचा उद्धार होतो, तीन पिढ्यांचा घरोबा असतो, चार पिढ्या एका छताखाली नांदतात. गुजराती भाषेत तर ‘पेढी’ हा एकच शब्द वंशाची पिढी आणि व्यापाराची पेढी या दोन्ही अर्थांनी चालतो. ज्यांच्या घरी दुकान आणि घराणे यांचा हिशेब एकाच गादीवर बसून होत आला, त्यांना याचे नवल वाटू नये. या अर्थाने घेतली तर पिढी कधी चुकत नाही. मुलगा हा वडिलांचा मुलगाच असतो, तो कोणत्या साली जन्मला यामुळे नात्यात फरक पडत नाही. जुन्या एकत्र कुटुंबांत पुतण्या वयाने मोठा आणि काका लहान, अशी उदाहरणे गावोगाव सापडत. पुतण्या काकाला कडेवर घेऊन हिंडवी आणि पुढे सणावाराला त्याच काकाच्या पाया पडे. पिढीने तो मोठा, वयाने हा मोठा, आणि घराला त्यात काही अडचण वाटत नसे.

वर्तमानपत्रांतून, जाहिरातींतून आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांतून जी ‘पिढी’ आता घरात आली आहे ती निराळी आहे. तिच्यात नाते नाही, फक्त कालखंड आहे. अमुक साल ते तमुक साल या दरम्यान जन्मलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या कोट्यवधी लोकांना एक नाव द्यायचे आणि मग त्यांच्या स्वभावाचे वर्णन करायचे. बूमर, जनरेशन एक्स, मिलेनियल, जेन-झी, अल्फा. ही नावे कोठून आली हे पाहिले म्हणजे त्यांचा धाक पुष्कळसा कमी होतो.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तरुणांना ‘हरवलेली पिढी’ म्हणण्याची पद्धत आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन कादंबरीकाराने १९२६ साली आपल्या कादंबरीच्या आरंभी हे शब्द छापले आणि ते गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेच्या तोंडचे म्हणून दिले. त्याच्या मृत्यूनंतर १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यामागची हकीकत आली आहे. स्टाइनबाईंची मोटार दुरुस्तीला गेली होती, युद्धावरून परतलेल्या एका तरुण कारागिराने कामात कुचराई केली, आणि गॅरेजचा मालक संतापून म्हणाला की तुम्ही सगळेच हरवलेले आहात. बाईंनी तो शब्द उचलला आणि समोरच्या तरुण लेखकाला व त्याच्या सर्व समवयस्कांना चिकटवला. हेमिंग्वेला हे बिरुद मुळीच रुचले नव्हते. ज्यांनी आयुष्यभर दुकान किंवा कारखाना चालवला आहे, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. नोकर चुकला की मालक त्याच्या एकट्यावर रागावत नाही, ‘हल्लीची पोरं’ अशीच सुरुवात करतो. पॅरिसमधल्या त्या मालकाचे वाक्य साहित्याच्या इतिहासात गेले, एवढाच फरक.

त्यानंतरच्यांचे नाव आणखी बोलके आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्या वेळच्या तरुणांचे एक दीर्घ शब्दचित्र छापले. ही मुले निमूटपणे नोकरी करतात, जाहीरनामे काढत नाहीत, मोर्चे नेत नाहीत, अशा आशयाचे वर्णन करून त्यांना ‘मूक पिढी’ म्हटले गेले. पुढे १९२८ ते १९४५ या काळात जन्मलेल्यांवर हे नाव कायमचे बसले. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा. तो लेख छापला गेला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. चारच वर्षांनी, डिसेंबर १९५५ मध्ये, माँटगोमेरी शहरातील बसगाड्यांवरचा बहिष्कार सुरू झाला. तो वर्षभराहून अधिक काळ चालला आणि त्याचे नेतृत्व या ‘मूक’ तरुणाने केले. व्हिएतनामच्या युद्धात जाण्यास १९६७ साली नकार देऊन जगज्जेतेपदावर पाणी सोडणारा मुष्टियोद्धा महंमद अली १९४२ चा, म्हणजे तोही त्याच पिढीतला. साप्ताहिकाच्या वार्ताहरांनी पाहिले ते बहुधा खोटे नसावे. पण त्यांनी कोणाकडे पाहिले आणि कोणाकडे पाहिले नाही, हा प्रश्न उरतोच. पिढीचे वर्णन करणाऱ्यास जी मुले सहज भेटतात, त्यांचेच वर्णन सर्वांना लागू केले जाते, आणि ही खोड केवळ अमेरिकेतील साप्ताहिकांचीच आहे असे समजण्याचे कारण नाही.

‘बेबी बूमर’ या नावाला मात्र काही आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांची संख्या खरोखरीच उसळली. १९४६ साली तेथे सुमारे ३४ लाख बालके जन्मली, १९५७ साली ही संख्या ४३ लाखांच्या आसपास पोचली आणि १९६४ नंतर ती ४० लाखांच्या खाली उतरली. शाळा अपुऱ्या पडल्या, नंतर महाविद्यालये आणि घरे अपुरी पडली. संख्येपुरते हे नाव चोख आहे. अडचण सुरू होते ती संख्येवरून स्वभावाकडे वळताना. या लाटेच्या पहिल्याच वर्षी तीन मुलगे जन्मले, तेही ६७ दिवसांच्या आत. १४ जून १९४६ रोजी डोनाल्ड ट्रम्प, ६ जुलैला जॉर्ज बुश धाकटे आणि १९ ऑगस्टला बिल क्लिंटन. तिघेही आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिघांची घरची परिस्थिती, बोलण्याची रीत आणि राजकारण डोळ्यांपुढे आणावे, आणि एका उन्हाळ्याने या तिघांना कोणता समान स्वभाव दिला हे शोधून पाहावे.

‘जनरेशन एक्स’ हे नाव रूढ झाले ते डग्लस कूपलंड या कॅनडातील लेखकाच्या १९९१ सालच्या कादंबरीमुळे. आज ही पिढी १९६५ ते १९८० अशी मोजतात. कूपलंड यांचा जन्म डिसेंबर १९६१ चा आहे. ज्याने नाव लोकप्रिय केले तोच त्या नावाच्या कुंपणाबाहेर राहिला. मिलेनियल हे नाव विल्यम स्ट्रॉस आणि नील हाउ या जोडीने १९९१ च्या आपल्या ग्रंथात पुढे आणले. त्यांनी ही पिढी १९८२ पासून धरली. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने तिची मर्यादा १९८१ ते १९९६ अशी आखली. बूमरांचीही तीच कथा आहे, स्ट्रॉस-हाउ यांच्या हिशेबाने १९४३ ते १९६०, इतरांच्या हिशेबाने १९४६ ते १९६४. १९६३ साली जन्मलेला मनुष्य कोणते पुस्तक हाती घेतो त्यावर त्याची पिढी ठरते. आणि प्यूची रेषा काटेकोर पाळायची म्हटले, तर ३१ डिसेंबर १९९६ च्या रात्री जन्मलेला भाऊ मिलेनियल ठरतो आणि अर्ध्या तासाने, मध्यरात्र उलटल्यावर जन्मलेली त्याची जुळी बहीण जेन-झी. पत्रिका मांडणाऱ्या ज्योतिषाला निदान अर्ध्या तासाच्या फरकाचे काही कारण तरी द्यावे लागते.

हा विनोद संशोधकांनाही खटकत होता. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने नोकरदारांच्या व्यवस्थापनासाठी अशा पिढ्यांची वर्गवारी उपयोगी आहे का याचा अहवाल दिला, आणि तिला संशोधनाचा पुरेसा आधार नाही असा निष्कर्ष काढला. २०२१ साली फिलिप कोहेन या समाजशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने दीडशेहून अधिक अभ्यासकांनी प्यू केंद्राला खुले पत्र लिहून ही नावे वापरणे थांबवावे असे सुचवले. २०२३ साली त्या केंद्राने यापुढे ही नावे फार जपून वापरण्याचे जाहीर केले. ज्यांनी रेषा आखली त्यांनीच हात आखडता घेतला. बाकीचे जग मात्र ती रेषा गिरवीतच आहे.

अभ्यासकांचा आक्षेप समजून घेण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. एखाद्या मंदिरात सकाळच्या अभिषेकाला साठीपुढची मंडळी अधिक आणि तिशीतली कमी दिसतात. यावरून ‘जुनी पिढी धार्मिक, नवी पिढी उदासीन’ असा निष्कर्ष निघतो का? तीन शक्यता आहेत. एक अशी की साठीनंतर दुकान मुलाच्या हाती जाते, सकाळ मोकळी होते आणि प्रत्येकच काळातील साठीची माणसे मंदिराकडे वळतात. हा वयाचा परिणाम झाला. दुसरी अशी की काळच बदलला आहे, घरे दूर गेली, सकाळी आठची बस आणि कंपनीची पाळी आली, आणि त्यामुळे सर्वच वयांची उपस्थिती घटली. तिसरी शक्यता ती, की तिशीतल्यांची घडणच निराळी आहे आणि साठी आली तरी ती वळणार नाहीत. खरा पिढीचा फरक म्हणायचा तो एवढा तिसराच. आता गणित असे आहे की चालू सालातून वय वजा केले की जन्मसाल मिळते. यांतील दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. त्यामुळे एका दिवशी केलेल्या मोजणीवरून या तीन शक्यता वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी चाळीस वर्षांपूर्वी तिशीतले किती येत होते याची नोंद हवी, आणि आजच्या तक्रारी करणाऱ्यांपैकी कितीजण तेव्हा त्या नोंदीत सापडले असते, हेही पाहायला हवे. पन्नास वर्षांची कागदपत्रे जपून ठेवणाऱ्या संस्थांना ही चौकशी करणे शक्य आहे. ती कोणी करत नाही, कारण उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते.

याचा अर्थ काळाचा माणसावर काहीच ठसा उमटत नाही असा नव्हे. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली पिढ्यांच्या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधात हा भेद नीट केला आहे. एका काळात जन्मणे म्हणजे केवळ एका ठिकाणी बसणे. त्या काळातील उलथापालथीत प्रत्यक्ष ओढले जाणे ही वेगळी गोष्ट. शहरातील तरुण ज्या चळवळीने ढवळून निघाले, तिची वार्ताही न पोचलेला आडगावातला शेतकरी तरुण त्यांच्याच वयाचा असूनही त्यांच्या पिढीचा ठरत नाही. आणि ढवळून निघालेले सगळेही एकाच बाजूला जात नाहीत, एकाच घटनेतून दोन विरुद्ध गट उभे राहू शकतात.

ग्लेन एल्डर यांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला महामंदीतील मुलांवरचा अभ्यास या संदर्भात फार मोलाचा आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९२०–२१ च्या सुमारास जन्मलेल्या १६७ मुलामुलींच्या आयुष्याचा माग संशोधकांनी १९३० च्या दशकापासून साठीच्या दशकापर्यंत ठेवला होता. एल्डर यांनी प्रथम एक साधा प्रश्न विचारला, की मंदी प्रत्येक घरात आली होती का? तशी ती आली नव्हती. काही घरांचे उत्पन्न चार वर्षांत एक-तृतीयांशाहून अधिक घसरले, तर शेजारच्या घराला फारशी झळ लागली नाही. ज्या घरांना झळ लागली तेथील मुलगे बाहेर लहानसहान कामे करू लागले, मुलींनी घरकाम अंगावर घेतले. संशोधकांना वाटले होते की ही मुले मोडून पडलेली दिसतील. मध्यमवर्गातील बरीचशी पुढे चांगलीच उभी राहिली. मग एल्डर यांनी शेजारच्या बर्कली गावातील १९२८–२९ साली जन्मलेल्या मुलांकडे पाहिले. मंदी आली तेव्हा ती अगदी लहान होती, हातभार लावण्याच्या नव्हे तर सांभाळून घेण्याच्या वयाची होती. तेथे, विशेषतः मुलग्यांवर, आघात अधिक खोल दिसला, आणि त्यांतील अनेकांना सावरण्यास पुढे लष्करातील नोकरीची व नंतरच्या शिक्षणाची वाट मिळावी लागली. दोन शेजारची गावे, तीच मंदी आणि आठ वर्षांचे अंतर. ‘मंदीतली पिढी’ या एका नावाखाली किती निरनिराळी बालपणे झाकली गेली होती, हे या अभ्यासाने दाखवले.

आता हेच मोजमाप भारताला लावावे. १९४६ साली अमेरिकेत आलेली लाट येथे आली नव्हती. येथे १९४३ चा बंगालचा दुष्काळ नुकताच झाला होता आणि फाळणी पुढ्यात होती. मोठी कुटुंबे ही येथे लाट नव्हती, रीतच होती. १९५० च्या दशकात एका स्त्रीला सरासरीने सहाच्या आसपास अपत्ये होत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण २.० वर आले आणि जैन समाजात १.६ वर. काकापेक्षा मोठा पुतण्या आता का दिसत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. एकुलत्या एका मुलाच्या घरात काका, आत्या, चुलत भावंडे ही मधली माणसेच उरत नाहीत. पूर्वी बाप आणि मुलगा यांच्यामध्ये दहा-बारा वयांची माणसे असत, भांडण त्यांच्यात विरघळून जाई. आता दोघे समोरासमोर उभे असतात, आणि ‘पिढीचे अंतर’ म्हणून ज्याची तक्रार होते त्यातील बराचसा भाग या रिकाम्या जागेचा असावा.

मराठी मुलखाने काळाला नावे दिलीच नाहीत असे नाही, पण ती सनावरून दिली नाहीत, प्रसंगावरून दिली. प्लेगच्या साली जन्मलेला. पानशेत फुटले त्या वर्षीचा. कोयनेच्या भूकंपानंतरची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली. या नावांत स्थळ असते. १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यातील नदीकाठच्या पेठांतील माणसाला जे सांगते ते नागपूरच्या माणसाला सांगत नाही. सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांना बहात्तर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच वर्षी कॅनॉलच्या पाण्यावर ऊस उभा असलेल्या घरातील मुलाला मात्र ते वाचूनच समजते. दंडावरचा देवीच्या लसीचा व्रणही असाच. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला, पुढे लस देणे थांबले, आणि ज्यांच्या अंगावर तो व्रण आहे व ज्यांच्या अंगावर नाही अशा दोन पिढ्या खऱ्या अर्थाने झाल्या. परंतु व्रणावरून माणूस आळशी की कष्टाळू हे कोणी ठरवले नाही.

१९९३ हे वर्ष पाहावे. १२ मार्चला मुंबईत बाँबस्फोट झाले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि सास्तूरचा परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले, ही गोष्ट येथील अनेकांना माहीत आहे. दहा वर्षांचा मुंबईचा मुलगा, दहा वर्षांचा किल्लारीचा मुलगा आणि दहा वर्षांचा इचलकरंजीचा मुलगा, तिघेही अमेरिकन पंचांगाप्रमाणे मिलेनियल. तिघांत समान काय, याचे उत्तर कोणत्याही मनुष्यबळ विभागाने देऊन दाखवावे. किल्लारीच्या मुलांना ‘भूकंपग्रस्त’ असा आणखी एक शिक्का मिळाला. त्या शिक्क्याने त्यांच्यासाठी शाळेचे दार उघडले, म्हणून तो मोलाचा होता. पण गणिताच्या तासाला समोर बसलेला मुलगा भूकंपग्रस्त नसतो, त्याला अपूर्णांक येत असतात किंवा येत नसतात.

रेषेला खरा जोर येतो तो कायद्याने ती ओढली म्हणजे. याचे उदाहरण प्रत्येक व्यापारी घराने पाहिलेले आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली त्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला, मात्र कायदा लागू होण्यापूर्वी जिचे लग्न झाले तिला वगळले. म्हणजे दोन बहिणी, एकाच आईबापांच्या, दीड वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या. थोरलीचे लग्न १९९३ च्या वैशाखात झाले, धाकटीचे १९९५ च्या. धाकटी वाटेकरी झाली आणि थोरली पाहुणी राहिली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला. तरीही वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत की नाही यावर पुढे पंधरा वर्षे खटले चालले, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तशी अट नाही असा निर्णय दिला. या काळात किती थोरल्या बहिणींनी माहेरच्या घरासाठी हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही केली, याची नोंद कोणत्याही पिढीच्या वर्णनात सापडत नाही. पिढ्यांची वर्णने करणाऱ्यांना त्या दोघी एकाच पिढीच्या आणि एकाच स्वभावाच्या दिसतात.

आणखी मागे जाऊन या परिसरातीलच माणसे घ्यावीत. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले, आणि १९५३ साली दोघेही निवर्तले. एकाच सालाने सुरू होऊन एकाच सालाने संपलेली ही दोन आयुष्ये आहेत. वालचंदांनी रेल्वेच्या कंत्राटांपासून आरंभ करून जहाजे, साखर, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने उभारले. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवले. दोघांनाही ‘एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात जन्मलेली पारतंत्र्यातील पिढी’ असे म्हणता येईल, आणि तसे म्हटल्याने दोघांपैकी एकही कळणार नाही.

त्यांच्याहून पाच वर्षांनी, १८८७ साली, कुंभोज येथे भाऊराव पाटील जन्मले. वालचंद आणि भाऊराव दोघेही दिगंबर जैन कुटुंबांतले. एक सोलापूरच्या सधन व्यापारी घरातला, दुसरा शाळेत न रमलेला, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर वसतिगृहाच्या नियमांशी न जमल्याने कोल्हापूरचे वसतिगृह सोडावे लागलेला, पुढे ओगल्यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत खेडोपाडी हिंडलेला. १९१९ हे साल दोघांच्याही आयुष्यात निर्णायक ठरले. ५ एप्रिल १९१९ रोजी वालचंदांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. एकाने ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला सागरावर आव्हान दिले, दुसऱ्याने ‘कमवा आणि शिका’ म्हणत सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि त्या तर ज्या पिढीतील स्त्रियांना ‘मुकाट्याने सोसणाऱ्या’ म्हटले जाते त्या पिढीतल्या होत्या. त्या काळाच्या समाजाचे सरासरी वर्णन कोणी १९१० साली लिहिले असते तर त्यात वालचंद बसले नसते, भाऊराव बसले नसते आणि लक्ष्मीबाईंचा तर उल्लेखही आला नसता. सरासरी खोटी नव्हती. पण संस्था ज्यांनी उभ्या केल्या ते सर्व सरासरीच्या बाहेरचे होते, आणि पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही वास्तू उभी केली त्यांच्याविषयीही त्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी काय काय म्हटले होते, हे त्यांच्यापैकी जे आज समोर बसले आहेत ते हसून सांगतात.

अगदी अलीकडचा एक शिक्का राहिला. २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रात दहावीची आणि बारावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. दहावीच्या त्या मुलांचा जन्म साधारणपणे २००५ च्या आसपासचा. त्यांना ‘कोरोना बॅच’ हे नाव मिळाले. आरंभी ते थट्टेचे होते. मग अकरावीच्या वर्गात शिक्षकांकडून आले, नंतर नातेवाइकांकडून आले, ‘परीक्षा न देता पास झालेली’ असे त्याचे स्पष्टीकरणही जोडले गेले. परीक्षा रद्द करण्याचा निर्णय त्या मुलांचा नव्हता. त्यांतील कित्येकांनी वर्षभर अभ्यास करून ठेवला होता. कित्येकांच्या घरी एकच मोबाइल होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. कित्येकांनी त्या एप्रिल-मे महिन्यांत घरातील माणूस गमावला आणि जूनमध्ये मूल्यमापनासाठी स्वाध्यायाच्या वह्या पुऱ्या केल्या. एका नावाखाली पुन्हा ओकलंड आणि बर्कली आहे, झळ लागलेली आणि न लागलेली घरे आहेत, सोळा वर्षांचा थोरला आणि आठ वर्षांचा धाकटा आहे. धाकट्याकडे तर अद्याप कोणाचे लक्षच गेलेले नाही. दुसरीच्या वर्गात ज्याने वर्षभर शाळा पाहिली नाही, त्याच्यावर त्या वर्षाचा परिणाम अधिक खोल झाला असणे शक्य आहे, आणि त्याच्यासाठी मात्र कोणतेही टोपणनाव तयार झाले नाही.

ती दहावीची मुले आता विशीत आली आहेत. कोणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणी सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसते आहे, कोणी वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागला आहे. त्यांतील काही या समारंभात सकाळी सहापासून पाहुण्यांची व्यवस्था पाहत आहेत. त्यांच्या छातीवर संस्थेने दिलेले बिल्ले आहेत. बिल्ल्यावर ठळक अक्षरांत ‘युवा पिढी’ असे छापले आहे आणि त्याखाली नाव लिहिण्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे. बहुतेक बिल्ल्यांवर ती ओळ अद्याप कोरीच आहे, आणि भोजनाला अजून अर्धा तास अवकाश आहे.